फ्रान्समध्ये शिकत असताना कमी खर्चात सायकलप्रवास : ल्वार नदीकाठाबद्दल मार्गदर्शन हवे

लक्ष्मीनगर_ते_तूर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

मी नागपूरच्या लक्ष्मीनगर भागात राहते आणि येत्या सप्टेंबरमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी फ्रान्समधील तूर या शहरात जाणार आहे. शिक्षणाचा खर्च बँकेच्या कर्जातून होणार असल्यामुळे तिथे हाती येणाऱ्या पैशांतून फिरण्यासाठी फारसे काही उरेल असे वाटत नाही. तरीही तूर हे शहर ल्वार नदीच्या काठी आहे आणि त्या नदीच्या कडेने सायकलींसाठी आखलेला मोठा मार्ग जातो, हे कळल्यापासून पुढच्या उन्हाळ्यात परीक्षा संपल्यावर आठ-दहा दिवस सायकलवरून गावोगाव फिरावे ही इच्छा मनातून जात नाही.

माझा सायकलचा अनुभव मर्यादित आहे. महाविद्यालयाची तीन वर्षे मी रोज सायकलने जात होते, सेमिनरी हिल्सचा चढ न उतरता चढू शकते आणि एकदा मैत्रिणींबरोबर रामटेकला जाऊन त्याच दिवशी परत आले आहे. मात्र सामान लादून सलग अनेक दिवस मी कधीच सायकल चालवलेली नाही.

मला विचारायचे आहे ते असे. सायकल इथून न्यावी की तिथे जुनी घ्यावी, रात्री मुक्काम कुठे करावा, एकटीने जाणे कितपत योग्य आहे आणि मी शाकाहारी असल्यामुळे खेड्यांत जेवणाचे कसे जमेल? आईला एकटीने तंबूत राहण्याची कल्पना अजिबात पसंत नाही. बाबा म्हणतात की आधी खर्चाचा आकडा कागदावर दाखव, मग बोलू. ज्यांनी विद्यार्थिदशेत असा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

धरमपेठ_सायकल यांचे उत्तर

नमस्कार. मी ऑर्लेआं येथे दोन वर्षे शिकत होतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात ऑर्लेआंपासून समुद्राजवळच्या नांत शहरापर्यंत ल्वारच्या काठाने सायकलवर गेलो होतो. त्या वेळी ज्या गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या, त्यांवरच अधिक लिहितो.

सायकल इथून अजिबात नेऊ नका. विमान कंपनीचे शुल्क, खोक्यात बांधण्याची खटपट आणि वाटेत काही वाकण्याची धास्ती हे सगळे मिळून जो खर्च होतो, त्यात तिथे चांगली जुनी सायकल येते. शिक्षण संपवून शहर सोडणारे विद्यार्थी जून-जुलैमध्ये आपल्या सायकली विकतात. मी माझी अशाच एका विद्यार्थ्याकडून नव्वद युरोंना घेतली होती. फ्रान्समध्ये 2021 पासून दुकानातून विकल्या जाणाऱ्या सायकलींच्या सांगाड्यावर ओळख क्रमांक नोंदवणे बंधनकारक झाले आहे, त्यामुळे सायकलवर असा क्रमांक असेल तर तो विकणाऱ्याच्या नावावर आहे ना, हे तपासून आपल्या नावावर करून घ्यावा. सायकलचोरी तिथेही होते, म्हणून स्वस्त सायकलला महाग कुलूप हे गणित ठेवा.

ल्वारचा सायकलमार्ग मध्य फ्रान्समधील नव्हेर शहराजवळून निघून समुद्रापर्यंत सुमारे 900 किलोमीटर जातो, आणि अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोपीय मार्ग क्रमांक 6 चा तो भाग आहे. एवढा सगळा करण्याचा मोह धरू नका. बहुतेक लोक नदी वाहते त्या दिशेने, म्हणजे पश्चिमेकडे जातात आणि मीही तसाच गेलो. पण नदीचा उतार इतका कमी आहे की पायांना तो जाणवतच नाही आणि वारा मात्र बहुतेक दिवस समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडूनच येतो. नऊपैकी सहा दिवस मी वाऱ्याला तोंड देत पायडल मारत होतो. तुम्ही तूरमध्येच राहणार आहात, म्हणून माझा आग्रह असा की सायकल घेऊन आधी प्रादेशिक रेल्वेने नांतला जावे आणि तिथून पूर्वेकडे, वारा पाठीशी घेऊन, आंजे आणि सोम्यूर करत घरी यावे. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर होईल. रोज चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर धरले तर सहा दिवसांत, वाटेत थांबत थांबत, तुम्ही आपल्याच खोलीच्या दारात पोहोचाल आणि परतीच्या तिकिटाचा प्रश्नच येणार नाही.

रेल्वेबद्दल एक सावधगिरी. प्रादेशिक गाड्यांत सायकल सहसा विनाशुल्क नेता येते, पण उन्हाळ्यात काही मार्गांवर तिच्यासाठी आधी जागा राखावी लागते. वेगवान गाड्यांत तर भाग सुटे न केलेली सायकल आरक्षणाशिवाय घेतच नाहीत. मी हे न पाहता नांतच्या स्थानकावर गेलो आणि दोन गाड्या डोळ्यांसमोरून जाऊ द्याव्या लागल्या. डब्यात सायकल पुढच्या चाकाने उंच आकड्याला टांगायची असते. त्यासाठी आधी सगळ्या पिशव्या उतरवाव्या लागतात आणि गाडी स्थानकात दोन मिनिटेच थांबते, म्हणून पिशव्या फलाटावरच सोडवून हातात धरून ठेवा.

आता मुक्कामाबद्दल. फ्रान्समधील कित्येक छोट्या गावांची स्वतःची, ग्रामपालिकेने चालवलेली तंबूची जागा असते. तिला ते ‘कांपिंग म्युनिसिपाल’ म्हणतात. नदीकाठी गवताचे मैदान, झाडांची रांग, गरम पाण्याचे स्नानगृह आणि भांडी घासण्यासाठी सिमेंटचे हौद एवढीच सोय असते, पण स्वच्छता उत्तम. एका माणसाला, एका तंबूला मी सहा ते अकरा युरो दिले आहेत. कार्यालय सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी दोन-अडीच तास उघडे असते. उशिरा पोहोचलो तर तंबू ठोकून टाकायचा आणि सकाळी पैसे द्यायचे, याला कुणी हरकत घेत नाही. जून महिन्यात तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे अंधारात जागा शोधण्याची वेळ सहसा येत नाही.

माझी खरी फजिती ऑर्लेआं आणि तूर यांच्यामधल्या ब्लुआ शहराच्या अलीकडे झाली. मी सगळे सामान मागच्या कॅरियरवर, त्यातही चेनच्या बाजूच्या पिशवीत जड वस्तू अशा पद्धतीने लादले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘टण्’ असा आवाज आला आणि चाक ब्रेकच्या रबराला घासू लागले. पाहतो तर मागच्या चाकाचा एक स्पोक तुटलेला, आणि तोही फ्रीव्हीलच्या, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चक्राच्या बाजूचा, जो फ्रीव्हील काढल्याशिवाय बदलताच येत नाही. ब्रेक सैल करून, बारा किलोमीटर सावकाश चालवत मी ब्लुआ गाठले. तिथे स्वयंसेवकांनी चालवलेली एक सायकल कार्यशाळा सापडली. अशा कार्यशाळा फ्रान्सच्या बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. काही युरो भरून वर्षाचे सभासद व्हायचे, अवजारे त्यांची, हात आपला, आणि अडले तर तेथील जाणकार दाखवून देतात. एका निवृत्त गृहस्थांनी मला जुन्या चाकातून काढलेला स्पोक दिला, पण स्वतः बसवला नाही; पाना माझ्या हातात दिला आणि चाक फिरवून कुठे किती आवळायचे ते बोटाने दाखवत राहिले. त्या एका तासात मी जे शिकलो ते पुढच्या दोन वर्षांत मला रोज उपयोगी पडले. तूरला पोहोचल्यावर अशी कार्यशाळा शोधून हिवाळ्यातच सभासद व्हा, जुनी सायकल तिथेच दुरुस्त करून घ्या. भाषाही तिथेच लवकर सुटते.

खर्च वाचवण्याची अजून एक गोष्ट, जी आपल्या मुलांना सहसा माहीत नसते. फ्रान्सच्या राष्ट्रीय स्मारकांत 26 वर्षांखालील युरोपीय नागरिकांना प्रवेश विनामूल्य असतो, आणि दीर्घ मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर तिथे कायदेशीर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनाही तो मिळतो. पासपोर्ट आणि व्हिसाचे पान दाखवावे लागते. आंजेच्या किल्ल्यात चौदाव्या शतकात विणलेला शंभर मीटरहून लांब चित्रांचा भित्तिपडदा आहे. बायबलमधील जगाच्या अंताची दृश्ये त्यात एकापुढे एक विणली आहेत. बाहेर कडक ऊन होते आणि त्या अंधाऱ्या, थंड दालनात मी दोन तास एकही युरो न देता बसलो. लोकरीचा निळा रंग सहाशेहून अधिक वर्षांनंतरही तसाच दिसतो. शांबोर आणि आझे-ल-रिदो येथील राजवाड्यांतही हीच सवलत आहे. शनोंसोचा राजवाडा मात्र खासगी मालकीचा आहे, तिथे तिकीट काढावेच लागते.

बाबांना दाखवण्यासाठी आकडा : तंबूची जागा सरासरी आठ युरो, दोन वेळचे स्वतः केलेले जेवण आणि पावासाठी नऊ-दहा, कॉफी किंवा एखादी किरकोळ वस्तू दोन. माझा रोजचा खर्च वीस युरोंच्या आत-बाहेर राहिला. तंबू मी मित्राकडून उसना नेला होता.

---

रामटेक_रस्ता यांचे उत्तर

बाळा, तुझा प्रश्न वाचून आनंद झाला. माझी मुलगी ल्यों शहरात असते. तिच्याकडे गेलो असताना मी बुर्गोन्य भागातील जिव्ही ते क्ल्युनी हा जुन्या रेल्वेमार्गावर केलेला 44 किलोमीटरचा सायकलमार्ग दोन दिवसांत केला आहे. वयाच्या बासष्टाव्या वर्षी मला जे जमले ते तुला नक्की जमेल, पण तयारी इथूनच करून जा.

तुझ्या सायकलच्या कॅरियरला दोन्ही बाजूंना पिशव्या बांध, प्रत्येकीत पाच-पाच किलो तांदूळ भर आणि तसेच रामटेकला जाऊन ये. रात्री तिथेच राहा आणि दुसऱ्या दिवशी परत ये. पहिला दिवस सगळेच काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीचे हाड दुखत असताना पुन्हा सीटवर बसता येते की नाही, हे तुला इथेच कळले पाहिजे. पिशव्यांचे वजन दोन्ही बाजूंना सारखे आणि शक्य तितके खाली असावे. वर लिहिणाऱ्या तरुणाचा स्पोक त्याच कारणाने गेला.

तिथे वाहने उजवीकडून चालतात. सरळ रस्त्यावर हे लगेच अंगवळणी पडते, घोळ होतो तो सकाळी मोकळ्या रस्त्यावर पहिल्यांदा निघताना आणि डावीकडे वळताना. आरसा डाव्या हँडलला लावून घे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जिथे कोणतीही पाटी नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देण्याचा नियम तिथे आहे. गावातल्या लहानशा गल्लीतून मोटार येते आणि मुख्य वाटणाऱ्या रस्त्यावरच्या आपल्याकडे न पाहता सरळ पुढे निघते, कारण हक्क तिचा असतो. आपल्याकडे मोठ्या रस्त्यावरचा माणूस थांबत नाही, म्हणून आपले मन याला तयार नसते. मी पहिल्याच दिवशी एका गावात थोडक्यात वाचलो.

सायकलला पुढे-मागे दिवे, परावर्तक आणि घंटी कायद्याने लागते. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चकाकणारे जाकीट घालणे सक्तीचे आहे. कानात इयरफोन घालून सायकल चालवल्यास 135 युरो दंड होतो. म्हणजे तुझ्या प्रवासाचा जवळजवळ एक आठवड्याचा खर्च. हेल्मेटची सक्ती बारा वर्षांखालील मुलांनाच आहे, पण तू घालच.

---

कनालकाठ यांचे उत्तर

मी तुलूझ येथे शिकत असताना दोन वेळा एकटीने सायकलप्रवास केला, म्हणून तुझ्या आईंच्या काळजीबद्दल आधी लिहिते.

दोन्ही प्रवासांत मला कुणाचा त्रास झाला नाही. त्यामागे मी पाळलेल्या काही सवयी होत्या आणि त्या मी आजही पाळते. उघड्यावर कुठेही तंबू लावायचा नाही. फ्रान्समध्ये समुद्रकिनारा, पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांजवळची जागा, संरक्षित स्थळे येथे तसे करण्यास बंदी आहे, आणि शेतात लावायचा तर मालकाची परवानगी लागते. मी नेहमी गावच्या तंबूच्या जागेत राहिले आणि लहान मुले असलेल्या कुटुंबाच्या शेजारचा कोपरा मागून घेतला. ज्या गावात अशी जागा नसेल तिथे ‘मेरी’, म्हणजे गावाचे पालिका कार्यालय गाठायचे. तिथल्या बाई फोन करून कुणाची तरी बाग मिळवून देतात, हे मी दोनदा अनुभवले आहे. याशिवाय सायकलप्रवाशांना एका रात्रीसाठी घरी ठेवून घेणारे वॉर्मशॉवर्स नावाचे जाळे आहे. तिथे आधी राहून गेलेल्यांचे अभिप्राय वाचता येतात. मी फक्त ज्यांच्याकडे स्त्री प्रवाशांनी राहून लिहिले होते अशाच घरी गेले. रोज संध्याकाळी तंबू लावल्यावर आईला जागेचे नाव आणि नकाशावरचा ठिकाणा पाठवायचा, हा आमचा नियम होता. उन्हाळ्यातल्या साडेतीन तासांच्या फरकामुळे तिथे आठ वाजता पाठवले तरी नागपुरात जवळजवळ मध्यरात्र होते, म्हणून मी सहा वाजायच्या आत मुक्कामी पोहोचत असे. आईंना हे वेळापत्रक दाखव. त्यांची काळजी जाणार नाही, पण तिला एक ठरावीक वेळ मिळेल.

मी केलेला मार्ग कनाल द्यू मिदीचा. पिएर-पोल रिके यांनी 1666 ते 1681 या काळात बांधलेला हा 240 किलोमीटरचा कालवा तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या तळ्यापर्यंत जातो आणि 1996 पासून जागतिक वारसा आहे. रिके स्वतः तो पूर्ण होण्याच्या काही महिने आधी, 1680 मध्ये वारले. तुलूझपासून पहिले पन्नास किलोमीटर मार्ग डांबरी आणि सुरेख आहे; त्यानंतर कच्ची वाट लागते, झाडांची मुळे वर आलेली असतात आणि पातळ टायर असलेल्या सायकलचे हाल होतात. कालव्याकाठचे हजारो प्लेन (चिनारच्या जातीचे) वृक्ष 2006 पासून एका बुरशीच्या रोगामुळे तोडावे लागले आहेत. काही ठिकाणी सावली संपून अचानक उघडा बांध लागतो, तिथे मन उदास होते. या मार्गावर मला सर्वांत भावलेली जागा म्हणजे नोरूझचा उंचवटा. समुद्रसपाटीपासून अवघा 189 मीटर. डोंगरातून रिकेंनी आणलेले पाणी इथे येऊन कालव्यात पडते, आणि अर्धे अटलांटिककडे तर अर्धे भूमध्य समुद्राकडे वळते. मी तिथे सायकल झाडाला टेकवून डबा खाल्ला.

आता जेवणाकडे येते, कारण पैसे आणि शक्ती दोन्ही तिथेच जातात. फ्रान्सच्या खेड्यातले घड्याळ आपल्यापेक्षा वेगळे चालते. साडेबारा ते अडीच-तीन दुकाने बंद, रविवारी दुपारनंतर बंद, आणि सोमवारी कित्येक ठिकाणी पाववाल्याचेही दार बंद. मी पहिल्या प्रवासात रविवारी संध्याकाळी एका गावात पोहोचले, सोमवारचा दिवस पुढे होता, आणि माझ्याजवळ अर्धी पावकाठी, दोन सफरचंदे आणि आईने दिलेली जवसाची चटणी एवढेच होते. एकवीस तास मी त्यावर काढले. तेव्हापासून शनिवारी दुपारीच दोन दिवसांचे सामान भरण्याचा नियम केला. जुलैची 14 तारीख आणि ऑगस्टची 15 तारीख या तिथल्या सुट्ट्या आहेत, हे लक्षात ठेव.

शाकाहारी माणसाने खानावळीवर अवलंबून राहू नये. कास्तेलनोदारीची प्रसिद्ध ‘कासुले’ ही पांढऱ्या घेवड्याची उसळ दिसायला आपली वाटते, पण तिच्यात मांस असते. साध्या दिसणाऱ्या कोशिंबिरीतही डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, आणि बऱ्याच चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण असते, ते तुला चालते की नाही हे आधी ठरव. मी लहान गॅस शेगडी तिथेच घेतली. तिच्या टाक्यांचे दोन प्रकार असतात, आटे असलेल्या आणि खटक्याने बसणाऱ्या. आपल्या शेगडीची टाकी गावातल्या दुकानात मिळेल ना, हे पाहूनच शेगडी घ्यावी, आणि टाकी विमानातून कधीही नेता येत नाही. रात्री मसूर आणि भात, सोबत नागपूरहून नेलेला गोडा मसाला. घरून भाजलेले जाडे पोहे आणि शेंगदाणे घेऊन जा. गरम पाणी मिळाले की पाच मिनिटांत पोट भरते.

आणि पाणी. हे मला एका म्हाताऱ्या सायकलस्वाराने सांगितले, नाहीतर मी बाटलीबंद पाणी विकत घेत राहिले असते. दुपारी गाव झोपलेले असते, दुकान बंद, रस्त्यावर कुणी नाही, अशा वेळी सरळ गावचे कबरस्तान शोधायचे. उंच दगडी भिंत आणि सुरूची झाडे लांबूनच दिसतात. फाटकाच्या आत डाव्या-उजव्या कुठल्यातरी भिंतीला नळ असतो, शेजारी खिळ्याला हिरव्या झाऱ्या टांगलेल्या असतात, कारण लोक कबरींवरच्या कुंड्यांना पाणी घालायला येतात. नळावर ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पिण्याचे पाणी नव्हे; पाटी नसेल तरी तिथे कुणी दिसल्यास विचारावे. पहिल्यांदा मला आत जाताना फार संकोच वाटला. काळ्या कपड्यांतल्या एक आजी झेरेनियमच्या कुंडीला पाणी घालत होत्या. मी बाटली वर करून खुणेने विचारले, तर त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली, आधी नळ बराच वेळ सोडून ठेवला, पाण्यात बोट धरून गार लागल्यावर मग भरून दिली. कुठून आलीस म्हणून विचारले. मी भारत म्हटले, त्यांनी कबरीकडे हात करून काहीतरी सांगितले. मला त्यातला ‘माझा नवरा’ आणि ‘सायकल’ एवढेच दोन शब्द कळले.

---

फ्रेंच_शिक्षिका_नागपूर यांचे उत्तर

थोडेच लिहिते. मी शहरात फ्रेंच शिकवते आणि जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हेच सांगते की दुकानात, कार्यालयात, तंबूच्या जागेवर शिरताच आधी ‘बोंझूर मादाम’ किंवा ‘बोंझूर मस्य’ म्हणावे आणि मगच काय हवे ते बोलावे. अभिवादन न करता सरळ प्रश्न विचारणे तिथे उद्धटपणाचे मानतात. आपली मुले घाईत ते विसरतात आणि मग ‘तिथले लोक तुसडे आहेत’ असे मत घेऊन येतात.

‘एस्क झ प कांपे इसी, सिल व्हू प्ले?’ म्हणजे ‘मी इथे तंबू लावू शकते का?’, हे एक वाक्य पाठ कर. ‘फेर्मे’ म्हणजे बंद. ‘क्रव्हेझों’ म्हणजे पंक्चर, आणि ट्यूबला ‘शांब्र आ एर’, शब्दशः हवेची खोली, म्हणतात. हा शब्द माहीत नसल्यामुळे माझ्या एका विद्यार्थ्याने दुकानात चित्र काढून दाखवले होते.

---

लक्ष्मीनगर_ते_तूर यांचा प्रतिसाद

दादा, ताई, काका आणि बाई, आपण सर्वांनी एवढा वेळ काढून लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. मी हे सगळे आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. कबरस्तानातल्या आजींचा भाग आईने पुन्हा वाचायला लावला. नांतहून पूर्वेकडे येण्याची सूचना मला फार पटली, आणि शेवटचा मुक्काम आपल्याच खोलीत असल्यामुळे आईलाही त्या मार्गाला हरकत घेण्याचे कारण उरलेले नाही.

आता दोन शंका उरल्या आहेत. वाटेत आजारी पडले किंवा माझ्या सायकलमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर खर्चाचे काय होते? आणि इथला माझा हवेचा पंप तिथल्या ट्यूबला चालेल का?

---

धरमपेठ_सायकल यांचे उत्तर

पहिल्या शंकेबद्दल : विद्यापीठात प्रवेश झाल्यावर फ्रान्सच्या सामाजिक सुरक्षा योजनेत विद्यार्थी म्हणून नाव नोंदवावे लागते आणि ही नोंदणी विनामूल्य असते. त्यातून डॉक्टर आणि रुग्णालयाच्या खर्चाचा मोठा भाग परत मिळतो, सगळा मिळत नाही. उरलेल्यासाठी पूरक विमा घेता येतो. नोंदणीची कागदपत्रे पूर्ण व्हायला कधी कधी महिने लागतात, म्हणून पोहोचल्याबरोबर पहिल्या आठवड्यातच सुरुवात करा आणि जन्मदाखल्याचे अधिकृत भाषांतर सोबत न्या. दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी ‘रेस्पोंसाबिलिते सिव्हिल’ नावाचे संरक्षण लागते. खोली भाड्याने घेताना जो घराचा विमा काढावा लागतो त्यात ते बहुधा असतेच. विमापत्रात तो शब्द आहे ना, हे पाहून घ्या. तातडीच्या वेळी 112 हा क्रमांक.

पंपाबद्दल : आपल्या साध्या सायकलींच्या ट्यूबला जो वॉल्व्ह असतो तो तिथे सहसा दिसत नाही. तिथे दोन प्रकार चालतात, एक मोटारीच्या चाकाला असतो तसा जाड आणि दुसरा पातळ, ज्याच्या टोकावरची बारीक पितळी चकती हवा भरण्याआधी सैल करावी लागते. जुनी सायकल घेताना वॉल्व्ह कोणता आहे ते पाहा आणि दोन्हींना चालणारा छोटा पंप तिथेच घ्या. सोबत दोन ट्यूब, टायर काढायचे तीन प्लास्टिकचे चमचे आणि ठिगळांची डबी असू द्या. पंक्चर काढायला नागपुरातच शिका. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे बसून तीन-चार वेळा मागचे चाक स्वतः काढून बसवा, कारण पुढच्यापेक्षा मागचेच जास्त वेळा जाते आणि त्यालाच चेन असते.

---

लक्ष्मीनगर_ते_तूर यांचा प्रतिसाद

रविवारी पहाटे पाचला दोन्ही पिशव्यांत तांदूळ भरून रामटेकला निघत आहे. बाबा स्कूटरवरून मागे येणार आहेत आणि रात्री आम्ही तिथेच थांबणार आहोत. सोमवारी सकाळी सीटवर बसता आले की नाही ते काकांना इथेच कळवते.